कोरडा दिवस पाळूनही उरणारी माशी

पावसाळा लागला की नाशिकमध्ये कोरड्या दिवसाची आठवण करून देणं सुरू होतं. आठवड्यातून एकदा पिंपं, टाक्या, कूलर, फ्रीजमागचा ट्रे रिकामा करायचा, घासायचा, वाळवायचा. डेंगीच्या डासावर हा उपाय नेमका लागू पडतो. त्याची अळी पाण्यात वाढते, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि त्याआधी पाणी ओतून दिलं की पुढची पिढीच उभी राहत नाही. पण रात्री चावणाऱ्या बारीक किड्यांमध्ये एक असा आहे, ज्याला या कोरड्या दिवसाशी काहीही देणंघेणं नाही. त्याची अंडी, अळी, कोष सगळं मातीत असतं. ही वाळूमाशी. आरोग्य खात्याच्या कागदांवर सॅण्डफ्लाय, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बिहारहून आलेल्या कामगारांच्या तोंडी बालू मक्खी. आपल्याकडे बहुतेक जण तिला चिलट समजून झटकून टाकतात आणि विसरतात. पण तिच्या चाव्यातून लीशमानिया नावाचा परजीवी अंगात शिरतो. त्याच्या एका प्रकाराने कातडीवर चिवट फोड येतो, दुसऱ्याने काळा आजार होतो, ज्यात ताप हटत नाही आणि पोटातली प्लीहा सुजते.

ती दिसते तरी कशी? लांबी 2 ते 3 मिलिमीटर, म्हणजे डासाच्या साधारण तिसरा हिस्सा. रंग फिकट मातकट, अंगभर केस, पाय लांब, डोळे काळे आणि अंगाच्या मानाने मोठे. ओळखायची सगळ्यांत सोपी खूण तिच्या पंखांत आहे. डास बसला की पंख पाठीवर मिटून घेतो. वाळूमाशी पंख उभे, व्ही अक्षरासारखे उघडे ठेवून बसते. उडणं म्हणाल तर फारसं नाहीच. भिंतीवर छोट्या छोट्या उड्या मारत पुढे सरकते. गुणगुणत नाही. जरा वारा असला की उडायचं नाव काढत नाही, आणि जन्मल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणूनच जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्या माणसाने नुसता टेबलफॅन अंगावर लावून घेतला तरी बराच फरक पडतो. इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित उपाय दुसरा नसेल.

मच्छरदाणीचं मात्र जपून बोलावं लागतं. बाजारातल्या नेहमीच्या मच्छरदाणीला चौरस इंचात साधारण 156 छिद्रं असतात. डासाला ती पुरतात, वाळूमाशी पंख आवरून त्यातून आत शिरते. तिला अडवायचं तर इंचभर लांबीत निदान 18 छिद्रं, म्हणजे चौरस इंचात सव्वातीनशेच्या आसपास, बसतील अशी दाट जाळी हवी. एप्रिल-मे महिन्यात त्या जाळीत झोपून दाखवणाऱ्याला नमस्कार. त्यापेक्षा कीटकनाशक मुरवलेली मच्छरदाणी बरी, कारण छिद्रातून घुसताना माशी धाग्याला घासली जाते आणि औषध तिच्या अंगाला लागतं. तरी तिचाही गवगवा करू नये. काबूलमध्ये अशा मच्छरदाण्यांनी त्वचेच्या आजाराचे रुग्ण खरोखर घटले. बिहार आणि नेपाळमध्ये काळ्या आजाराच्या बाबतीत मोठा प्रयोग झाला, तिथे लागण म्हणावी तशी कमी झाली नाही. माणूस काही अंधार पडताच मच्छरदाणीत जात नाही. संध्याकाळी ओट्यावर बसतो, गोठ्यात धार काढतो, आणि माशी कामाला लागते ती नेमकी तेव्हाच.

तिला लागते अंधारी, ओलसर जागा आणि कुजणारा सेंद्रिय माल. नाशिक जिल्ह्यात अशी जागा शोधत हिंडावं लागत नाही. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, ज्यांचा गिलावा जोत्यापाशी सुटलेला आहे. पेठ-सुरगाण्याकडची शेणमातीने लिंपलेली कुडाची घरं. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतले गोठे. त्यातही गोठा हे तिचं हक्काचं ठिकाण. गव्हाणीखाली चाऱ्याची कुट्टी सांडून कुजते, गोमूत्र जमिनीत मुरतं, हौदाचं पाणी पाझरतं, आणि भिंतीच्या तळाशी भेग असतेच. मादी एका वेळी 30 ते 70 अंडी घालते. आठवडा-दोन आठवड्यांत अळी बाहेर येते, मातीतलं शेण, पालापाचोळा, कुजलेलं काहीबाही खाते, चार अवस्थांतून वाढते आणि मग कोषात जाते. हवा उबदार आणि दमट असली तर सगळा खेळ महिना-दीड महिन्यात आटोपतो. थंडीत तो रेंगाळतो. म्हणून तिची संख्या पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता फुगते.

अळी शोधणं हे या क्षेत्रातलं सगळ्यांत चिकाटीचं काम. गोठ्याच्या कोपऱ्यातली माती खरवडायची, चाळायची, साखरेच्या दाट पाण्यात ढवळायची. माती खाली बसते, हलकं ते वर तरंगतं, आणि त्या तरंगलेल्या कचऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभर अळी शोधत बसायचं. किलोभर माती पालथी घालून एकही अळी सापडत नाही असं सर्रास होतं. डासाच्या अळीवर औषध टाकता येतं, कारण पाणी डोळ्यांना दिसतं. इथे कोणत्या भेगेत औषध टाकणार? म्हणून वाळूमाशीशी सगळी लढाई अळी सोडून प्रौढ माशीशी आणि ती दिवसा जिथे विसावते त्या भिंतीशी होते.

चावते फक्त मादी, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून. नराचं झाडांच्या गोड रसावर भागतं, मादीही एरवी तेच पिते. तिची चावण्याची पद्धत डासापेक्षा ओबडधोबड आहे. डास सोंड थेट बारीक रक्तवाहिनीत घालतो. वाळूमाशीचा मुखभाग आखूड. ती कातडी कुरतडते, रक्ताचं बारीकसं डबकं साचवते आणि त्यातून पिते. तोंडातली लाळ रक्त गोठू देत नाही आणि त्या जागेची प्रतिकारशक्तीही सैल करते. लीशमानिया या परजीवीला हवं असतं ते नेमकं हेच.

माणसाच्या कातडीत हा परजीवी पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. गोल-लांबट, 2 ते 4 मायक्रॉन आकाराचा, शेपटी नसलेला. माशीने रक्तासोबत तो ओढून घेतला की तिच्या आतड्यात त्याचं रूप पालटतं. लांबुडका होतो, पुढच्या टोकाला शेपटी फुटते, वेगाने विभागत जातो, आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो म्हणून रक्त पचून बाहेर पडलं तरी तो टिकतो. आठवडाभरात तो घशाच्या झडपेपाशी गर्दी करतो आणि तिथे चिकट पदार्थ सोडून वाटच तुंबवतो. आता माशी चावली तरी तिला नीट गिळता येत नाही. ती पुन्हा पुन्हा सोंड खुपसते, प्रत्येक वेळी आतला माल थोडा उलट बाहेर येतो, आणि जखमेत परजीवी पडतात. उपाशी राहिलेली माशी एकाच माणसाला चार ठिकाणी टोचते, त्याचं कारण हे.

हे सिद्ध करायला शास्त्रज्ञांची पिढी खर्ची पडली, आणि कोडं सुटलं ते बेदाण्यामुळे. द्राक्षांच्या जिल्ह्यात ही हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1920 च्या दशकात भारतातल्या संशोधकांना काळ्या आजाराच्या रुग्णाचं रक्त प्यालेल्या वाळूमाशीत परजीवी वाढताना दिसले होते. सिंटन यांनी या माशीचा आणि आजाराचा प्रदेश नकाशावर जुळतो हेही दाखवलं होतं. पण प्रयोगशाळेत माशी चावून आजार काही होईना. माश्यांना पुन्हा पुन्हा रक्तच पाजलं जात होतं. त्यात त्या मरत, नाहीतर परजीवी पुरेसे वाढत नसत. 1940 च्या सुमारास स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रक्तानंतर माश्यांना बेदाणे द्यायला सुरुवात केली. साखर मिळाली, माश्या जगल्या, परजीवींनी घसा तुंबेपर्यंत वाढ केली. 1942 मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये स्वयंसेवकांना अशा माश्या चावू दिल्या आणि माणसात लागण होते हे दाखवून दिलं. त्वचेच्या आजाराची गोष्ट थोडी आधीची: 1921 मध्ये सर्जंट बंधूंनी अल्जीरियात चिरडलेल्या वाळूमाश्या खरवडलेल्या कातडीवर चोळून फोड उठवून दाखवला होता.

हा त्वचेचा आजार भारतात नवा नाही. दिल्लीचा फोड म्हणून तो जुन्या वैद्यकीय नोंदींत सापडतो. कलकत्त्यात कनिंगहॅम यांनी 1885 मध्ये अशाच फोडातल्या पेशींचं वर्णन केलं होतं. आज त्याचं मुख्य ठाणं राजस्थानात, विशेषतः बिकानेरकडे आहे. हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात तो आहे, केरळात अगस्त्यमलेच्या परिसरातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये सापडला आहे. जगात दरवर्षी 6 लाख ते 10 लाख नवे रुग्ण होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतले बरेचसे अफगाणिस्तान, इराण, इराक, सीरिया, पाकिस्तान, ब्राझील या देशांत.

नाशिक या नकाशावर नाही. का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. वाळूमाशी महाराष्ट्रात आहे. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्याचं नाव पडलं तो विषाणू वाळूमाशीच पसरवते. पण माशी आहे म्हणजे आजार आहे असं होत नाही. प्रत्येक जातीचा परजीवी ठरावीक जातीच्या माशीत पूर्ण वाढतो आणि त्याला ठरावीक यजमान लागतो. वाळवंटातला एक प्रकार तिथल्या जर्बिल उंदरांच्या बिळांत, पापाटासी नावाच्या माशीवर जगतो. ती माशी इकडे मिळेल, पण वाळवंटातला तो उंदीर इथे नाही. बिकानेरच्या दाट वस्तीतला प्रकार माणसाकडून माणसाकडे जातो, त्याला सर्जेंटी ही माशी लागते. आपल्या गोठ्यांत सापडण्याजोगी अर्जेंटिपेस ही माशी काळ्या आजाराचा परजीवी वाहते, पण तिला माणसापेक्षा गाईगुरांचं रक्त जास्त आवडतं, आणि गुरांत हा परजीवी मुरत नाही. थोडक्यात, गोठा माशी वाढवतोही आणि तिचं तोंड माणसापासून वळवतोही. गोठा घरापासून किती लांब हवा, यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडतात ते उगाच नाही.

सिंहस्थ जवळ आला की देशभरचे आजार गोदावरीत उतरणार अशी ओरड होते. या आजारापुरती ती ओरड मला अतिशयोक्त वाटते. दोन-चार दिवसांच्या मुक्कामात रुग्णाला इथली योग्य जातीची माशी चावावी, ती आठवडाभर जगावी आणि मग दुसऱ्याला चावावी, हा योग दुर्मीळ. खरं लक्ष द्यायला हवं ते वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्यांकडे: बिहार-झारखंडमधून येऊन गोठ्याशेजारच्या खोलीत राहणारा मजूर, आखातातून परतलेला कामगार, राजस्थानात नेमणूक होऊन देवळालीला आलेला जवान. त्यांच्या अंगावरचा फोड ओळखला जातो का, हा प्रश्न आहे.

फोड येतो तो चावल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. तोवर माणूस तो प्रदेश सोडून आलेला असतो. सुरुवात उघड्या अंगावर, चेहरा, हात, पाय इथे, लालसर पुटकुळीने. ती हळूहळू गाठीएवढी होते, मध्ये खपली धरते, खपली निघाली की खाली उथळ खड्डा आणि भोवती उचललेली कड. दुखत नाही, ताप नाही, पू सहसा नाही. वर दुसरे जंतू बसले तरच दुखतो. आणि बराही होत नाही. महिना जातो, तीन जातात. बहुतेक फोड सहा महिने ते दीड वर्षात आपले आपण भरतात, पण खोल, खाली दबलेला व्रण कायमचा ठेवून जातात, तोही बहुधा चेहऱ्यावर. मधल्या काळात माणूस काय काय करतो! मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणतो, त्याने फोड पसरतो. कुणी बिब्बा लावतं. बिब्ब्याने कातडी भाजते, भोवती नवी जखम होते, आणि मग मूळ फोडाची कड कुठली आणि भाजलेली कातडी कुठली हे डॉक्टरलाही कळेनासं होतं.

तपासणी अवघड नाही, पण ती नीट केली तरच. इथे सगळ्यांत जास्त चुकतं ते जागेत. फोडाच्या मधोमध पू, मेलेल्या पेशी आणि इतर जंतू असतात. परजीवी कडेत असतात. खपली ओल्या गॉजने अलगद काढायची, कड स्पिरिटने पुसून वाळू द्यायची, लिग्नोकेनने बधिर करायची. मग कड चिमटीत इतकी घट्ट धरायची की रक्त हटून ती पांढरी पडेल. चिमूट न सोडता 15 नंबरच्या ब्लेडने काही मिलिमीटरची उथळ चीर द्यायची, ब्लेड वळवून चिरेची बाजू खरवडायची, आणि आलेला ओलसर गर काचपट्टीवर पातळ पसरायचा. चिमूट ढिली पडली की रक्त येतं, आणि रक्ताने भरलेल्या पट्टीवर शोधणं व्यर्थ. निदान तीन पट्ट्या करायच्या. वाळल्यावर मिथेनॉलने पक्क्या करून गिम्सा रंग द्यायचा. तो पातळ करायला नळाचं किंवा बोअरचं पाणी न वापरता 7.2 पीएचचं बफर, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण, वापरायचं. पाणी आम्ल असलं की सगळं गुलाबी दिसतं आणि बारीकसारीक फरक पुसले जातात. हजारपट मोठं करून, तेलाच्या भिंगाखाली, मोठ्या पेशीच्या आत बारीक लंबगोल ठिपके दिसले पाहिजेत. त्या प्रत्येकात दोन खुणा हव्यात: एक गोल केंद्रक आणि शेजारी काडीसारखा गडद कायनेटोप्लास्ट. काडी दिसली नाही तर निदान करू नये. रंगाचे कण आणि प्लेटलेट्स हुबेहूब तसेच फसवतात. फोड सहा महिन्यांहून जुना असेल तर परजीवी विरळ झालेले असतात, तेव्हा पट्टी कोरी आली तरी पीसीआर, म्हणजे परजीवीच्या डीएनएची तपासणी, करून पाहावं.

काळ्या आजारातून बरे झालेल्यांत एक वेगळीच गोष्ट घडते. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, ताप नाही, अशक्तपणा नाही, आणि चेहऱ्यावर, दंडावर, छातीवर फिकट चट्टे येतात, पुढे हनुवटीभोवती गाठी. माणूस ठणठणीत असतो, म्हणून दवाखान्यात जात नाही. गेला तर कुष्ठरोगाचा संशय येतो आणि कुष्ठरोगाचीच औषधं सुरू होण्याचा धोका असतो. फरक कळायला कापसाचा बोळा पुरतो: या चट्ट्यांवर स्पर्श कळतो, कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर तो कमी झालेला किंवा गेलेला असतो. नसाही जाड झालेल्या नसतात. अशा चट्ट्यांवर बसलेल्या माशीला लागण होते, हे बांगलादेशात आणि मुजफ्फरपूरला माश्या प्रत्यक्ष चावू देऊन पाहिलं गेलं आहे. म्हणजे जिथे योग्य माशी आहे तिथे परजीवी आणून सोडू शकेल असा माणूस हाच. त्याला दूर लोटायचं काही कारण नाही, शिवण्याने, एका ताटात जेवण्याने हा आजार लागत नाही. त्याच्यावर मिल्टेफोसिनचा 12 आठवड्यांचा उपचार पूर्ण व्हायला हवा. या गोळ्यांनी मळमळ होते, डोळ्यांना त्रास होऊ शकतो, त्यामुळे डोळा लाल झाला की लगेच दाखवावं. आणि गर्भावर दुष्परिणाम होत असल्याने मूल होण्याच्या वयातल्या बाईला उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने खात्रीचं गर्भनिरोधक द्यावंच लागतं.

साध्या फोडाला एवढी जड औषधं लागत नाहीत. फोड लहान आणि मोजके असले, डोळ्यापासून आणि सांध्यापासून लांब असले, तर सोडियम स्टिबोग्लुकोनेटचं इंजेक्शन थेट कडेत देतात. चहूबाजूंनी कड पांढरी पडेपर्यंत औषध भरायचं, आठवड्याला एक-दोनदा, फोड सपाट होईपर्यंत. दुखतं, हे रुग्णाला आधीच सांगावं. नाहीतर दुसऱ्या वेळी तो येत नाही. बिकानेरमध्ये रेडिओ लहरींनी 50 अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता देण्याचं तंत्र वापरलं गेलं आहे: बधिर करून प्रत्येक जागी अर्धा ते एक मिनिट. या परजीवीला थंड कातडी मानवते, उष्णता सोसत नाही, म्हणून ते चालतं.

माश्या आहेत की नाहीत हे कुणाला पाहायचंच असेल, तर यंत्रसामग्री फार लागत नाही. कोरे कागद एरंडेलात बुडवून, निथळून, संध्याकाळी गोठ्याच्या भेगांपाशी आणि उंदरांच्या बिळांच्या तोंडाशी लावायचे, सकाळी काढायचे. चिकटलेल्या माश्या ब्रशने उचलून स्पिरिटमध्ये धुवायच्या. प्रकाशाचा सापळा टांगला तर तो जमिनीलगत असावा. डोक्याच्या उंचीवर टांगला की नुसते डास भरतात. सकाळी ऊन चढायच्या आत टॉर्च भिंतीलगत तिरपा धरला की उभे पंख उठून दिसतात. त्या तोंडाने ओढायच्या नळीत पकडतात; माशी तोंडात जाऊ नये म्हणून नळीला दाट मलमल बांधलेली आहे ना, हे दोनदा तपासावं. सापडतील त्यांतल्या पुष्कळशा सर्जेंटोमिया, म्हणजे पाली-सरड्यांचं रक्त पिणाऱ्या असतील. त्यांच्या पोटावरचे केस चपटे पडलेले असतात; फ्लेबोटोमस, म्हणजे आपल्या काळजीच्या माश्यांचे केस उभे.

फवारणीचा इतिहास बोलका आहे. 1950 च्या दशकात हिवतापासाठी घरोघर डीडीटी मारली गेली आणि काळा आजार त्यात जवळजवळ फुकटात मावळला. फवारणी थांबली, 1970 च्या दशकात बिहारात तो पुन्हा उसळला. पुढे माशी डीडीटीला निर्ढावली, म्हणून आता अल्फासायपरमेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक. 5 टक्के पावडरचे 250 ग्रॅम आधी थोड्या पाण्यात कालवून, मग 10 लिटर करून, फडक्याने गाळायचं. न गाळलेल्या गुठळ्या नोझलमध्ये अडकतात आणि अर्धी भिंत कोरडी राहते. एवढ्यात 500 चौरस मीटर भिंत होते, म्हणजे चौरस मीटरला 25 मिलिग्रॅम. नोझल भिंतीपासून 45 सेंटिमीटरवर, आणि औषध जमिनीपासून 6 फुटांपर्यंत. माशी उंच चढत नाही, त्यामुळे छतावर उडवलेलं औषध वाया.

नाशिककडे अशी फवारणी कधी करायची झालीच, तर ती दोन गोष्टींवर फसेल. पहिली म्हणजे सणांचं वेळापत्रक. माश्या पावसाळ्याच्या अखेरीस भरात असतात, आणि त्याच सुमारास नवरात्र-दिवाळीसाठी घरं सारवली जातात, चुना लागतो. फवारलेल्या भिंतीवर शेणाचा थर चढला की औषध त्याच्याखाली गाडलं गेलं, आणि चुन्याच्या क्षारात हे औषध टिकत नाही. फवारणीनंतर निदान अडीच-तीन महिने भिंतीला हात लावायचा नसतो. तेव्हा क्रम उलटा करावा. आधी घर आणि गोठा लिंपून घ्यायचा, जोत्यापासच्या भेगा बुजवायच्या, आवडीचा रंग लावून टाकायचा. सगळं खडखडीत वाळलं की मगच पंप बोलवायचा.

दुसरी गोष्ट गोठ्याची. पंपवाल्याला घराच्या दर्शनी भिंती दाखवल्या जातात, गोठ्याकडे तो वरवर फिरतो. जनावरं बाहेर बांधावीत, वैरण आणि पाण्याचा हौद झाकावा, गव्हाण भिंतीपासून ओढता येत असेल तर ओढावी, आणि तिच्यामागची ती ओली, काळपट पट्टी अगदी जमिनीपर्यंत भिजवून घ्यावी. औषध वाळल्याशिवाय जनावरं आत घेऊ नयेत.